लेनर्ड कोहेनचा शेवटचा अल्बम : कोकणातले ऐकणारे कोण कोण आहेत इथे?

देवबागकर
'यू वॉन्ट इट डार्कर' इथे कुणी सलग ऐकलाय का, म्हणजे पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये फोन न उचलता? २०१६ चा आहे, नऊ तुकडे, सगळा मिळून ३६ मिनिटांच्या आसपास, मालवणातनं सुटलेली एसटी कुडाळला पोचायच्या आत संपतो. मी काही गाण्यातला जाणकार नाही, रूम्स भाड्याने देतो आणि जूनपासून गिऱ्हाईक नसतं तेव्हा ऐकतो एवढंच. पण हा अल्बम मला सोडत नाही आणि घरी कुणाशी बोलायची सोय नाही, बायको म्हणते हा माणूस गातो कधी, नुसता कुजबुजतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोहेन मॉन्ट्रियलचा, जन्म १९३४, आधी कवी आणि कादंबरीकार, गाण्यात आला तोच उशिरा, पहिला अल्बम १९६७ च्या शेवटी, तेव्हा ३३ चा होता. हा अल्बम केला तेव्हा मणक्याची हाडं दबून बारीक फ्रॅक्चर झालेली, स्टुडिओत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून लॉस एंजेलिसच्या घरात बैठकीच्या खोलीतच वैद्यकीय खुर्चीत बसवून समोर माईक लावला आणि मुलाने, अ‍ॅडमने, सगळं जुळवून आणलं. अल्बम आला २१ ऑक्टोबरला आणि माणूस गेला ७ नोव्हेंबरला, ८२ वर्षांचा.

मला विचारायचंय ते असं की यात तुम्हाला नेमकं काय धरून ठेवतं? कारण चाल म्हणाल तर चार सुरांच्या पलीकडे तो जातच नाही.

खारवी_पोर
मी नाही ऐकला पण धागा वाचतोय. लिंक टाका कुणीतरी.

रातांबा
ऐकलाय. चांगला आहे, पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही. माझं रोखठोक मत, माणूस अल्बमनंतर १७ दिवसांत गेला नसता तर हा धागा निघाला नसता. त्याच २०१६ च्या जानेवारीत ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचंही तेच झालं, ८ तारखेला अल्बम, १० ला गेला, आणि मग लोकांना प्रत्येक ओळीत मरण दिसायला लागलं. आपल्याकडेही तेच की, जिवंतपणी बुवाला मानधन द्यायला कमिटीकडे पैसे नसतात आणि गेल्यावर चौकात बॅनर.

आणि दुसरं, हा अल्बम 'साधा' 'उघडा' वगैरे म्हणतात त्याचं मला हसू येतं. मागे पुरुषांचा अख्खा कोरस आहे, ऑर्गन आहे, व्हायोलिन आहेत, मधूनच ग्रीक वळणाचं काहीतरी वाजतं. उघडं ऐकायचं तर अमेरिकन गायक जॉनी कॅशचा १९९४ चा ऐका, 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'. एक माणूस, एक गिटार, बस्स. रिक रुबिन म्हणजे तोवर रॅप आणि मेटलवाल्यांचा प्रोड्यूसर, त्याच्या बैठकीच्या खोलीत आणि कॅशच्या टेनेसीतल्या केबिनमध्ये रेकॉर्ड केलाय, दोन गाणी तेवढी लॉस एंजेलिसच्या एका क्लबात लोकांसमोर. कॅशला १९८६ मध्ये त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने काढून टाकलेलं, कुणी विचारत नव्हतं. त्याला म्हणतात सगळं उतरवून ठेवणं.

गंमत म्हणजे त्याच अल्बमवर कॅशने कोहेनचंच एक जुनं गाणं म्हटलंय, तारेवरच्या पक्ष्याचं. ते ऐका आणि मग सांगा कोण जास्त उघडा.

मीठभाकर
रातांबा, कॅशबद्दल शंभर टक्के सहमत, १९९४ चा अल्बम मी विद्यार्थ्यांना ऐकवते (रत्नागिरीत कॉलेजला इंग्रजी शिकवते, सवय आहे, माफी असावी). पण तुमचा पहिला मुद्दा पटला नाही. मरण या अल्बमला नंतर चिकटवलेलं नाही, त्याने ते स्वतः आधीच टेबलावर ठेवलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कर साप्ताहिकात त्याच्यावर मोठा लेख आला त्यात तो म्हणाला मी जायला तयार आहे, आणि जगभर बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांनी लॉस एंजेलिसला पत्रकारांसमोर बसून म्हणाला की ते जरा जास्तच बोललो, माझा बेत कायमचं जगायचा आहे. ८२ व्या वर्षी, पाठ अशी, आणि तरी विनोद जागच्या जागी. हा विनोद अल्बमभर आहे, फक्त आवाज इतका खर्जातला की हसायचं सुचत नाही.

शब्दांचं म्हणाल तर पहिलं गाणं हे सरळसरळ देवाशी भांडण आहे. मी तयार आहे असं म्हणतो आणि त्याच दमात देवाला जाबही विचारतो. आपल्याला हे काही परकं नाही, तुकोबा विठोबाला काय काय बोललेत ते आपण लहानपणापासून ऐकतोय. चौथ्या गाण्यात तर तो स्वतःबद्दल सांगतो की या पत्त्यांच्या डावातून मी उठलो. आयुष्यभर ज्याची ख्याती प्रेमगीतांची, बायकांच्या घोळक्याची, तो माणूस सांगतोय की ती तहानच आता राहिली नाही, आणि त्यात रडगाणं नाही, शहाणपणाचा आवही नाही. मला तर ते गाणं ऐकताना मोकळं वाटतं.

देवबागकर
मीठभाकर ताई, चौथ्या गाण्याला +१. मी तेच आधी परत लावतो.

साउंडवाला_गुहागर
मी मंडप-साउंडच्या धंद्यात आहे, गाण्याच्या अर्थाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही पण आवाजाबद्दल बोलू शकतो.

पहिली गोष्ट, मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणार असाल तर ऐकूच नका. त्याचा आवाज जिथे बसलाय ना, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली, तिथे मोबाईलचा स्पीकर पोचत नाही, तुम्हाला फक्त वरची सावली ऐकू येते आणि मेंदू बाकीचं भरून काढतो. हेडफोन लावा, साधे वायरवाले चालतील.

दुसरी गोष्ट, रातांबा म्हणतात कोरस आहे ऑर्गन आहे मग साधा कसा. बरोबर आहे तुमचं, वाद्यं आहेत. पण कुठे ठेवलीत ते बघा. त्याचा आवाज एकदम कानाशी आहे, इतका की ओठ सुटल्याचा, जीभ टाळ्याला लागून सुटल्याचा आवाज येतो. माईक तोंडाजवळ आणला की खालची फ्रिक्वेन्सी आपोआप फुगते, आमचे निवेदक हेच करतात की, माईक ओठाला चिकटवून 'रसिकहोऽऽ' म्हणतात आणि गळ्यात नसलेला दम माईक पुरवतो. कोहेनचा मूळ आवाजच तळातला, त्यात माईक जवळ, आणि मग त्या पट्ट्यात दुसरं काही ठेवलंच नाही. बेस गिटार खाली थोडी दिसते आणि बाजूला होते, कोरस लांब आहे, म्हणजे देवळात आपण गाभाऱ्याशी आणि ते सभामंडपात असं अंतर, व्हायोलिन एकदम वर. मधला सगळा पट्टा मोकळा सोडलाय. आमच्याकडे लग्नात असं केलं तर नवरदेवाचा मामा येऊन विचारेल आवाज का नाही वाढवत.

माझ्या मते हे कॅशपेक्षा अवघड काम आहे. एक गिटार एक गळा असेल तर कुणी कुणाच्या पायात येत नाही. इथे दहा लोक आहेत आणि तरी एकच बोलतोय असं वाटतं.

रातांबा
साउंडवाले, हे पटलं थोडं. पण मग त्याला उघडा म्हणू नका, नीट झाकलेला म्हणा.

साउंडवाला_गुहागर
म्हणा की. मला काय.

डबलबारी_फॅन
माका इंग्रजीतला एक अक्षर कळना नाय. पण ह्या वाचलंय आणि झिलाक सांगलंय, लाव रे तो म्हातारो. पयला गाणा सुरू झाला आणि ते मागसून बापये हुंकार देवक लागले तसो मी उठान बसलंय. ह्या तर आमच्या डबलबारीतल्या (दोन बुवांच्या भजनाचो सामनो) कोरसाचा काम! बुवा एक ओळ टाकता आणि मागचे धरून ऱ्हवतत.

माका वाटता ता सांगतंय. आमच्याकडे बुवा तरणो आसता तेव्हा काळी पाचात, वरच्या पट्टीत गाता, लोका शिटी मारतत, गजराक तर उड्या मारतत, शब्द कोण ऐकता? मगे वय झाला की तोच बुवा खाली पांढरी एकात येता. तेव्हा समोरची पोरा उठान चायेक जातत आणि चार म्हातारे बसान ऱ्हवतत. आणि तेव्हा रूपाचो अभंग खरो ऐकाक येता. ह्या माणसाचा तसाच झाला. तो खाली इलो म्हणान शब्द वर इले.

मीठभाकर
डबलबारी_फॅन, दंडवत घ्या. माझं एक लेक्चर तुम्ही चार ओळींत उडवलंत.

त्या कोरसाबद्दल सांगते, तो असातसा भाड्याचा कोरस नाही. मॉन्ट्रियलमधलं शार हाशोमाईम नावाचं ज्यूंचं प्रार्थनाघर आहे, कोहेनच्या घराण्याचं तिथे पिढ्यान् पिढ्या जाणं, त्याचे पणजोबा आणि आजोबा दोघेही तिथले अध्यक्ष होते. म्हणजे लहानपणी जे आवाज ऐकले तिथलेच पुरुष गायक त्याने ई-मेल करून शेवटच्या अल्बमला बोलावले. पहिल्या गाण्याच्या अखेरीस जो एक उंच आवाज एकटाच वर जातो ना, तो तिथल्या मुख्य गायकाचा, गिडियन झेलरमायर यांचा. कोहेन खाली आणि तो वर.

चाकरमानी_दिवा
गावच्या देवळातलेच भजनी बोलावले म्हणा की सरळ :)

चिपळूणची_सिस्टर
मी नर्स आहे, नाईट ड्युटीला एक कानात इयरफोन असतो (सुपरवायझरने हे वाचू नये). हा अल्बम मी बराच ऐकलाय त्यामुळे लिहिते.

तुम्ही लोक आवाजाला खर्ज, गंभीर, आध्यात्मिक वगैरे म्हणताय. मला त्यात आधी दुखणं ऐकू येतं. मणक्याचं फ्रॅक्चर असलेला माणूस कसा बोलतो ते मी रोज बघते. पूर्ण श्वास घेतला की पाठीत कळ जाते म्हणून तो अर्ध्या श्वासावर बोलतो, वाक्य तोडून तोडून, आणि जे सांगायचंय तेवढंच सांगतो, पाल्हाळ नाही. कोहेनच्या ओळी नीट ऐका, एक तुकडा, थांबा, एक तुकडा, थांबा. आता तो आधीपासून तसाच संथ होता हे मला माहीत आहे, पण इथे ते थांबणं वेगळं आहे, मला तरी वेगळं वाटतं.

आणि रात्री तीनच्या सुमाराला जे पेशंट जागे असतात ते असंच बोलतात. कुणाची तक्रार नसते. पंखा कमी कर. मुलगा आला होता का. माझी चप्पल कुठंय. चप्पल घालून जायचं कुठेच नसतं पण चप्पल कॉटखाली नीट लावलेली लागते. दुसरं गाणं आहे ना, कसल्यातरी तहाबद्दल, त्यात तो ज्या सुरात बोलतो तो सूर मला तिथला वाटतो. रडू येत नाही ऐकून. उलट उठून राउंडला जावंसं वाटतं.

फक्त एक विनंती, म्हातारपणाचं उगाच सोनं करू नका. त्याला दुखत होतं. दुखण्यावर औषध म्हणून गांजाही घेत होता, डॉक्टरच्या सल्ल्याने, मुलानेच सांगितलंय.

रातांबा
सिस्टर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात भारी. मी गप्प.

(फार वेळ नाही राहणार)

खारवी_पोर
ऐकला काल रात्री. झोप लागली मला पाचव्या गाण्याला, खरं सांगतो. पण चांगली लागली.

देवबागकर
खारवी_पोर, ते पण चालतं.

एक शंका, ८० च्या पुढे माणूस एवढी धडपड का करतो? पैसा असणार ना त्याच्याकडे?

मीठभाकर
पैसा होता आणि गेला, तीच तर गोष्ट आहे. १९९४ पासून जवळजवळ पाच वर्षं तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात राहत होता, १९९६ ला रीतसर भिक्षू झाला, गुरूंचा स्वयंपाक-गाडी बघायचा. तो तिकडे बसलेला आणि इकडे मॅनेजरने पैसे काढले, ५० लाख डॉलरच्या वर, कळलं ते २००४-०५ च्या सुमाराला. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर परत स्टेजवर उभा राहिला, २००८ ते २०१३ जगभर फिरला, तीन-तीन तासांचे कार्यक्रम. त्याच नादात मग २०१२ चा अल्बम, २०१४ चा, आणि हा. चोरी झाली नसती तर कदाचित यातलं एकही झालं नसतं.

कांदळकर
बरेच दिवस वाचतोय, लिहीन की नको करत होतो. मीठभाकर मॅडमनी मठाचा विषय काढलाच आहे तर पुढचं मी सांगतो, कारण पुढचं आपल्याकडे येतं.

१९९९ ला कोहेन डोंगरावरनं उतरला आणि थेट मुंबईला आला. कुणाकडे, तर रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे मोठे साहेब, १९७७ ला रिटायर झालेले, वॉर्डन रोडजवळच्या आपल्या घरी सकाळी अद्वैतावर बोलायचे, समोर देशोदेशीचे लोक बसलेले. कोहेनने त्यांचं पुस्तक मठात असतानाच वाचलं होतं. केम्प्स कॉर्नरला एका साध्या हॉटेलात खोली घेऊन राहायचा, सकाळी चालत बाळसेकरांकडे, दुपारी पोहायला. पुढची काही वर्षं येऊनजाऊन होता. आयुष्यभर त्याला डिप्रेशनने छळलेलं आणि ते त्याच काळात हळूहळू निघून गेलं असं त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितलंय. कशामुळे ते मात्र ठामपणे म्हणाला नाही.

आता बाळसेकरांचे गुरू कोण? निसर्गदत्त महाराज. खेतवाडीत ज्यांचं विडीचं दुकान होतं आणि घरच्या माळ्यावर परदेशी लोक जिना चढून यायचे ते. महाराज मराठीत बोलायचे आणि बाळसेकर शेवटच्या वर्षांत त्यांचं इंग्रजी करून सांगायचे. महाराजांचं आडनाव कांबळी. लहानपण गेलं कुठे? कांदळगावात. मालवण तालुका. देवबागकर, तुमच्यापासून किती लांब ते तुम्हीच सांगा.

देवबागकर
अंगावर काटा आला हो. अर्धा-पाऊण तास बाईकने. आणि मी हे कधी ऐकलं नव्हतं!!

डबलबारी_फॅन
म्हणजे म्हातारो आमचोच :D

चाकरमानी_दिवा
रामेश्वराच्या देवळात फोटो लावा आता कोहेनचा.

मीठभाकर
थांबा थांबा, लगेच सातबाऱ्यावर नाव चढवू नका. दुवा खरा आहे, कांदळकरांनी लिहिलंय ते सगळं नोंदलेलं आहे. पण कोहेन शेवटपर्यंत ज्यूच राहिला, मठात असतानाही शनिवार (ज्यूंचा विसाव्याचा दिवस) पाळायचा, दुसरा धर्म मला नकोय, माझा आहे तो बरा आहे हे त्याने वारंवार सांगितलंय. शेवटी प्रार्थनाघराचे लोक बोलावले ते त्याच्याच गल्लीतले. मुंबईत त्याला जे काही मिळालं असेल ते असेल, अल्बममध्ये त्याचा मागमूस शोधायला गेलात तर शब्दांत सापडणार नाही. मला विचाराल तर हट्ट सोडलेला ऐकू येतो, तेवढंच, आणि तो कुठे सुटला ते कोण सांगणार.

कांदळकर
मॅडम, मान्य. मालकी सांगत नाही. पण महाराजांच्या संभाषणांच्या टेप मी वडलांमुळे लहानपणी ऐकल्यात, तो आवाजही असाच, समजूत घालणारा नाही, तोडून टाकणारा, मागे रस्त्यावरचे हॉर्न. कोहेनचं पहिलं गाणं ऐकताना मला ते आठवलं म्हणून लिहिलं. आठवणीवर तर कर नाही ना.

रातांबा
परत आलो. एक प्रश्न राहिलाच. २०१९ ला कोहेनच्या मागे अजून एक अल्बम आला, 'थँक्स फॉर द डान्स'. मुलाने उरलेसुरले रेकॉर्ड केलेले शब्द घेतले, मागे वाद्यं लावली आणि विकले. कॅशचंही तेच, तो २००३ ला गेला आणि २००६, २०१० ला अल्बम येतच राहिले. आणि २०२४ ला तर कहर, १९९३ चे त्याचे डेमो काढले, मूळ वाद्यं पुसली, नुसता आवाज आणि गिटार ठेवली आणि वर नव्या लोकांकडून नवीन वाद्यं वाजवून घेतली. मेलेल्या माणसाला नवे कपडे घालून मिरवायचं हे मला तरी बरोबर वाटत नाही. बापाचा आवाज आहे, ठेवा की कपाटात.

साउंडवाला_गुहागर
कॅशच्या २०२४ वाल्याबद्दल तुमच्याशी सहमत. कोहेनचं वेगळं आहे. 'थँक्स फॉर द डान्स' ऐका, बाजूबाजूला लावून ऐका, मुलाने बापाच्या आवाजाला हात लावलेला नाही. बापाच्या घराजवळच्याच गॅरेजमध्ये बसून केलाय, आणि बापाबरोबर दौऱ्यात वाजवणारा स्पॅनिश माणूस, हाविएर मास, त्यालाच बोलावून वाजवून घेतलंय. काही तुकडे दीड-दोन मिनिटांचे आहेत आणि तसेच सोडलेत, ओढून लांबवले नाहीत.

चिपळूणची_सिस्टर
आणि मुलाने सांगितलेलं आहे की शेवटच्या दिवसांत बापाला काम सोडून दुसरं कशानेच बरं वाटत नव्हतं. कधी इतका खूश व्हायचा की दुखत असताना खुर्चीतनं उठून स्पीकरसमोर उभा राहायचा आणि एकच गाणं परत परत लावायला लावायचा. अशा बापाचे उरलेले तुकडे कपाटात ठेवून मुलाला झोप लागली असती का हो रातांबा?

रातांबा
नसती लागली. पण विकायलाच पाहिजेत असं नाही एवढंच म्हणतोय.

चाकरमानी_दिवा
रातांबा आणि सिस्टर, तुमचं भांडण वाचून मला जे विचारायचंय ते आता विचारूनच टाकतो, विषय सोडून आहे, चालेल ना देवबागकर?

माझे वडील भजनी. आचऱ्याच्या बाजूला गाव. बुवा म्हणून नाव वगैरे काही नाही, पण पंचक्रोशीतल्या सप्त्याला त्यांच्याशिवाय पहाटेची भैरवी नसायची. आता ७९. बायपास झालाय, पेटी मांडीवर घेऊन बसता येत नाही, खुर्चीत बसून म्हणतात, आवाज अर्धा राहिलाय पण मला तो आता जास्त आवडायला लागलाय (डबलबारी_फॅन यांनी लिहिलंय ते वाचून कळलं का आवडतो ते). माझ्याकडे त्यांचं एकही धड रेकॉर्डिंग नाही. सप्त्यातले मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत, त्यात झांजेशिवाय काही ऐकू येत नाही. गणपतीला पाच दिवस गावी आहे. साउंडवाले भाऊ, मोबाईलवर घरच्या घरी काय करता येईल? स्टुडिओत ते येणार नाहीत, आधीच सांगून ठेवलंय, मी काय लता मंगेशकर आहे का.

साउंडवाला_गुहागर
चालतंय की, हाच खरा विषय.

ऐका. ओटीवर करू नका, पाऊस पत्र्यावर पडला तर संपलं. माजघरात करा, तिथे मातीच्या भिंती असतील तर सोन्याहून पिवळं, सिमेंटच्या असतील तर मागे गाद्या उभ्या करा, दारावर गोधडी टाका. टाइल्स असतील तर खाली सतरंजी. पंखा बंद, फ्रीज बंद (चालू करायला विसरू नका, वहिनी मला शिव्या देतील). मोबाईल एअरप्लेनवर टाका.

मोबाईल टेबलावर सपाट ठेवायचा नाही, टेबलाचे ठोके येतात. उशीवर ठेवा, तोंडापासून एक वीत-दीड वीत, सरळ समोर नाही, जरा बाजूला, नाहीतर 'प' आणि 'भ' ला फुंकर बसते. पेटी त्यांच्या मागे किंवा बाजूला लांब, दुसऱ्या कुणीतरी हळू धरायची, नुसते सूर, वाजवायचं नाही. पखवाज नको. झांज तर घरातच ठेवू नका.

डबलबारी_फॅन
झांज नको म्हणतास? झांजेशिवाय गजर कसो होतलो?

साउंडवाला_गुहागर
बुवा, गजर नकोच आहे. त्यांना म्हणू दे एकटं.

डबलबारी_फॅन
मगे एक टाळ तरी देवा त्येंच्या हातात. म्हाताऱ्याक टाळ नाय दिलास तर लय जाता. माझ्या काकांचा झालेला, टाळ काढून घेतलो आणि एका अभंगाचो दीड अभंग झालो.

साउंडवाला_गुहागर
बरं, टाळ द्या, पण कापड गुंडाळून.

चिपळूणची_सिस्टर
बायपास झालाय म्हणता तर जेवणानंतर लगेच बसवू नका, आणि एका वेळी दोन-तीन अभंगांच्या वर नको. मध्ये पाणी, कोमट. दम लागला तर लागू दे, रेकॉर्डिंग बंद करू नका पण त्यांना थांबू द्या. सकाळी उठल्या उठल्या आवाज जाड असतो, तो पाहिजे असेल तर चहाच्या आधी.

मीठभाकर
आणि प्रत्येक अभंगाआधी त्यांना बोलू द्या. हा कुठे शिकलात, कुणाकडून, कुठल्या सप्त्यात म्हटला होतात. ते कापू नका नंतर.

चाकरमानी_दिवा
सगळं लिहून घेतलं. बापरे एवढे प्रतिसाद. एकच अडचण, आमच्याकडे माजघरात गणपती बसतो, पाच दिवस तिथे येणारेजाणारे, आरत्या, पोरं. विसर्जनानंतरचा दिवस हातात आहे पण त्याच रात्री माझी गाडी.

देवबागकर
दादा, माझ्याकडे या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही रूम रिकाम्या आहेत, मागची मातीची आहे, जुनी, कौलारू. आचऱ्याहून रिक्षाने काकांना आणा, जेवण आमच्याकडे, रात्री कुडाळ स्टेशनला मी सोडतो.

साउंडवाला_गुहागर
तारीख कळवा. माझं एक काम आहे सावंतवाडीला त्याच आठवड्यात, जाता जाता थांबतो, छोटा रेकॉर्डर आणि दोन माईक घेऊन येतो. पैसे वगैरे काढू नका. लाईटचा भरवसा नसेल तर आधी सांगा, बॅटरी चार्ज करून आणेन.

देवबागकर
लाईटचा भरवसा कसला, बॅटरी आणाच. मासे कुठले खाता?

साउंडवाला_गुहागर
सुरमई सोडून काहीही. आणि रेकॉर्डिंग जेवणाच्या आधी, सिस्टर ओरडतील.

रातांबा
मी देवगडात आहे, यायला आवडेल. भांडणार नाही. मागे बसेन गप्प.

डबलबारी_फॅन
पेटी मी धरतंय. नुसते सूर, वाजवचंय नाय. काकांची पट्टी खयची ता इचारून ठेवा, माझी पेटी जुनी आसा, पांढरी दोनची पट्टी जरा चिकटता.